आसंजके, द्विघटक (प्रतिकृतिनिर्मितीतील)

वापरण्याच्या वेळीच एकमेकांत मिसळावयाच्या दोन स्वतंत्र भागांच्या रूपात मिळणारी आणि मिसळल्यानंतर होणाऱ्या रासायनिक विक्रियेने कठीण होणारी आसंजके (चिकटविण्याचे पदार्थ) म्हणजे द्विघटक आसंजके होत. त्यांच्या एका भागात रेझीन व दुसऱ्यात ते कठीण करणारा पदार्थ असतो. या दुसऱ्या पदार्थाला कठिनीकारक म्हणतात; बाजारात व कारागिरांच्या बोलण्यात मात्र तो ‘हार्डनर’ याच नावाने ओळखला जातो. विमाने, नौका, आगगाड्या, इमारती इत्यादींच्या प्रतिकृती तयार करताना लाकूड, धातू, काचतंतू, प्लॅस्टिक यांसारखे भिन्न गुणधर्मांचे पदार्थ एकमेकांस जोडावे लागतात. अशा सांध्यांसाठी, विशेषतः धक्का, कंप, पाणी वा इंधन यांना तोंड द्यावे लागणाऱ्या सांध्यांसाठी, ही आसंजके वापरतात. त्यांत एपॉक्सी रेझिनांवर आधारलेली आसंजके सर्वांत महत्त्वाची असल्याने पुढील विवेचन मुख्यतः त्यांच्याविषयी आहे [→ आसंजके; रेझिने].

सरस, डिंक, पॉलिव्हिनिल ॲसिटेटाचा पांढरा गोंद किंवा विमानांच्या प्रतिकृतींसाठी पूर्वापार वापरात असलेले सेल्युलोज नायट्रेटाचे सिमेंट ही आसंजके त्यांतील पाणी वा विद्रावक (विरघळविणारा पदार्थ) उडून गेल्याने घट्ट होतात. त्यामुळे ती आकसतात, सांध्यातील फट भरून काढीत नाहीत आणि धातूच्या दोन पत्र्यांमध्ये लावल्यास विद्रावकाला बाहेर पडण्यास वाट नसल्याने कित्येक दिवस ओलीच राहतात. द्विघटक आसंजकातून बाहेर जावयाचे असे जवळजवळ काहीच नसते. जेवढे लावावे तेवढेच घन रूपात उरते, आकसणे अत्यल्प असते आणि हवेचा संपर्क नसलेल्या जागीही ते कठीण होते. मात्र या गुणांची किंमतही द्यावी लागते. एकदा मिसळलेले आसंजक पुन्हा पूर्वस्थितीत आणता येत नाही व मिसळताना झालेली चूक सांधा जोडल्यानंतर दुरुस्त करता येत नाही. शिवाय बरीचशी चूक त्या वेळी डोळ्यांना दिसतही नाही. सांधा वरून चांगला दिसतो आणि भार पडल्यावर सुटतो.

इतिहास : एपॉक्सी संयुगे व अमाइने यांच्या विक्रियेने उच्च रेणुभाराचे पदार्थ मिळविण्याचे एकस्व (पेटंट) पाउल श्लाक या जर्मन रसायनशास्त्रज्ञांच्या नावे १९३४ सालचे आहे. आसंजक म्हणून उपयोगी पडणाऱ्या रेझिनाचा पाया स्वित्झर्लंडमधील प्येअर कास्तां यांनी घातला. ते दंतवैद्यकीय साहित्य तयार करणाऱ्या कंपनीत काम करीत असत आणि कवळी ओतण्यासाठी न आकसणारा पदार्थ शोधीत होते. १९३६ मध्ये बिसफिनॉल-ए व एपिक्लोरोहायड्रीन यांपासून त्यांनी कमी तापमानास वितळणारे पिवळसर रेझीन मिळविले. दंतवैद्यकात त्याला फारसे यश आले नाही. परंतु बाझेल येथील सीबा कंपनीने हक्क घेऊन युद्धोत्तर काळात त्याचे आसंजक ‘ॲराल्डाइट’ या नावाने बाजारात आणले. अमेरिकेत सिल्व्हन ग्रीनली यांनी त्याच सुमारास स्वतंत्रपणे असे रेझीन तयार केले. त्यांचा उद्देश रंगलेपांसाठी ते वापरण्याचा होता.

दोन भागांत मिळणारी आसंजके त्यापूर्वीही माहीत होती. इंग्लंडमधील डक्सफर्ड येथे नॉर्मन डी ब्रूइन यांनी १९३७ मध्ये यूरिया-फॉर्माल्डिहाइड रेझिनाचे ‘एरोलाइट’ हे आसंजक पुढे आणले. त्याचे रेझीन एका पृष्ठभागावर व अम्लीय कठिनीकारक दुसऱ्यावर लावून मग दोन्ही पृष्ठभाग एकत्र दाबता येत. त्यामुळे आधी मिश्रण करण्याची गरज पडत नसे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांच्या मॉस्किटो या लाकडी विमानासाठी आरंभी दुधातील केसिनाचा सरस वापरीत, त्याची जागा पुढे या प्रकारच्या रेझिनाने घेतली. उष्ण व दमट हवेत या विमानांच्या सांध्यांची कसोटी लागली. नोव्हेंबर १९४४ मध्ये भारतातील मॉस्किटो विमाने सांध्यांच्या तपासणीसाठी काही काळ जमिनीवर ठेवावी लागली होती आणि त्या तपासणीत जोडकामातील उणिवाही आढळल्या होत्या. आसंजक चांगले असूनही सांधा वाईट असू शकतो, याचे हे मोठ्या प्रमाणावरील उदाहरण होय.

भारतात ॲराल्डाइटाच्या दोन नळ्यांची जोडी आणि ‘एम-सील’ ही कणकेसारखी मळून वापरावयाची एपॉक्सी लुकण घरोघरी माहीत आहेत. ‘एम-सील’ २००० पासून मुंबईच्या पिडिलाइट इंडस्ट्रीज या कंपनीकडे असून तिनेच २०२० मध्ये ॲराल्डाइटाचा भारतातील किरकोळ व्यवसायही विकत घेतला. राष्ट्रीय छात्रसेनेच्या हवाई व नौदल शाखांत विमान व नौका यांच्या प्रतिकृती तयार करण्याचे शिक्षण दिले जाते. अनेक विद्यार्थ्यांचा या आसंजकांशी पहिला परिचय तेथेच होतो.

रासायनिक स्वरूप व प्रमाण : एपॉक्सी रेझिनाच्या रेणूच्या दोन्ही टोकांस दोन कार्बन व एक ऑक्सिजन अणू यांचे एकेक त्रिकोणी वलय असते. या वलयात ताण असल्याने ते सहज उघडते. कठिनीकारक बहुधा अमाइन असते व त्यातील नायट्रोजनाला जोडलेला प्रत्येक हायड्रोजन अणू एकेक वलय उघडून त्याच्याशी बंध जोडू शकतो. अमाइनाच्या एका रेणूत असे अनेक हायड्रोजन असल्यामुळे रेझिनाचे रेणू सर्व दिशांनी एकमेकांस जोडले जातात व अखेरीस त्रिमितीय जाळे तयार होते. हे जाळे म्हणजेच घट्ट झालेले आसंजक होय. ते उष्णतेने मऊ झाले तरी वितळत नाही आणि विद्रावकात फुगले तरी विरघळत नाही.

यावरून दोन भागांचे प्रमाण का पाळावे लागते ते स्पष्ट होते. सामान्य द्रव एपॉक्सी रेझिनाच्या सु. १९० ग्रॅ. मध्ये जेवढी वलये असतात त्यांना पुरे पडण्यास ट्रायएथिलीन टेट्राअमाइन या कठिनीकारकाचे सु. २४ ग्रॅ. लागतात, म्हणजे १०० भाग रेझिनास सु. १३ भाग. यांऐवजी २६ भाग घातल्यास निम्मे हायड्रोजन जोडीदाराविना राहतात, रेझिनाच्या साखळ्या आखूड राहून जाळे तुटक बनते आणि सांधा मऊ, पाण्यात फुगणारा व दुर्बळ होतो. कठिनीकारक कमी पडल्यास उलट न जुळलेले रेझीन जाळ्यात अडकून राहते व सांधा चिकट किंवा ठिसूळ होतो. कठिनीकारक येथे जाळ्याचा अर्धा धागा आहे. तो निव्वळ विक्रिया सुरू करून देणारा पदार्थ नव्हे.

हार्डनर जास्त घातला की काम लवकर होते, ही समजूत अतिशय रूढ आहे व प्रतिकृतिकारांचे सर्वाधिक सांधे तिच्यामुळेच बिघडतात. तिचे मूळ बहुधा पॉलिएस्टर रेझिनात आहे. काचतंतूंच्या होड्या, विमानांची खोळे इत्यादींसाठी वापरले जाणारे पॉलिएस्टर रेझीनही दोन भागांत मिळते व त्याच्या दुसऱ्या भागालाही दुकानात हार्डनरच म्हणतात. परंतु तो पदार्थ (बहुधा मिथिल एथिल कीटोन पेरॉक्साइड) विक्रियेचा केवळ आरंभ करून देतो. तो शेकडा १ ते २ इतकाच लागतो आणि या मर्यादेत त्याचे प्रमाण कमीजास्त करून वेग खरोखरच कमीजास्त करता येतो. एकच नाव असलेल्या दोन पदार्थांची कार्ये इतकी भिन्न असल्याने एका कामातील अनुभव दुसऱ्या कामात घातक ठरतो. एपॉक्सीचा वेग वाढवावयाचा असल्यास तापमान वाढवावे किंवा मुळातच जलद असलेली जोडी घ्यावी. प्रमाणास हात लावू नये.

नळ्यांतून मिळणाऱ्या घरगुती आसंजकात कठिनीकारक बहुधा पॉलिअमाइड वर्गातील असते. त्याचे रेणू मोठे असल्यामुळे ते रेझिनाच्या जवळजवळ बरोबरीने लागते व प्रमाणातील लहान चूक त्यास काही अंशी चालते. ‘पाच मिनिटांचे’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जलद आसंजकात मरकॅप्टन वर्गाचे कठिनीकारक असते. त्याचा गंधकासारखा उग्र वास ही त्याची खूणच होय. हे आसंजक सोयीचे असले, तरी पाणी व उष्णता यांपुढे सावकाश घट्ट होणाऱ्या आसंजकाइतके टिकत नाही व काळाने पिवळे पडते. त्याचा उपयोग तात्पुरती पकड देण्यासाठी किंवा कमी भाराच्या सांध्यांसाठी करणे योग्य.

वेग, तापमान व राशी : सर्वसाधारणपणे तापमान १०° से. ने वाढले की विक्रियेचा वेग सु. दुप्पट होतो. ॲराल्डाइटाच्या मूळ प्रकारासारखे सावकाश आसंजक २५° से. च्या आसपास हाताळण्याजोगे होण्यास ७ ते १० तास घेते, तर ४०° से. ला तेवढेच काम २ ते ३ तासांत होते. १०° से. च्या खाली विक्रिया जवळजवळ थांबते. पाच मिनिटांची मुदत साधारण २० ते २५° से. साठी सांगितलेली असते. नागपूर वा अकोला येथे मे महिन्याच्या दुपारी त्याच नळ्यांतील मिश्रण दोन मिनिटांतच दोरीसारखे ओढले जाऊ लागते. अशा वेळी काम सकाळी करणे किंवा नळ्या काही वेळ गार जागी ठेवणे हाच उपाय असतो.

विक्रिया ऊष्मादायी (उष्णता बाहेर टाकणारी) असल्याने मिश्रणाच्या राशीचाही वेगावर परिणाम होतो. पेल्यात खोल साठलेल्या मिश्रणातील उष्णता बाहेर जाऊ शकत नाही; ती विक्रियेचा वेग वाढविते आणि वाढलेला वेग आणखी उष्णता निर्माण करतो. ५० ते १०० ग्रॅ. जलद मिश्रण पेल्यात तसेच राहिल्यास त्यातून धूर निघू लागतो व प्लॅस्टिकचा पेला वितळतो. तेच मिश्रण फरशीच्या तुकड्यावर पातळ पसरल्यास बराच अधिक वेळ कामास येते. यास्तव वेष्टनावर दिलेली मिश्रणाची मुदत कोणत्या राशीसाठी आहे ते पाहणे आवश्यक असते. तापू लागलेले मिश्रण कचऱ्याच्या पेटीत न टाकता उघड्यावर, न जळणाऱ्या पृष्ठभागावर थंड होऊ द्यावे.

मोजणी व मिश्रण : प्रमाण वजनाने दिले आहे की घनफळाने, हे प्रथम पाहावे. एकाच जोडीची ही दोन प्रमाणे निराळी असतात. रेझिनाची घनता सु. १·१७ व पॉलिअमाइड कठिनीकारकाची सु. ०·९५ असल्याने घनफळाने १ : १ असलेले प्रमाण वजनाने सु. १०० : ८० होते. वजनाने १०० : ८० लागणाऱ्या जोडीचे दोन समान भाग तराजूवर तोलून घेणे ही काळजीपूर्वक केलेली चूक होय.

प्रतिकृतीस एका वेळी आसंजक लागते ते एकदोन ग्रॅमच आणि अडचणही तेथेच असते. दोन नळ्यांतून २ सेंमी. लांबीच्या दोन रेघा शेजारी शेजारी काढल्या व त्यांपैकी एक २ मिमी. ने आखूड राहिली, तर १० टक्के चूक झालीच. नळ्यांची तोंडे समान असून हातातील दाबही समान असेल, तरच रेघांची पद्धत विश्वसनीय. रेझीन अधिक श्यान (दाट) असल्याने त्याची रेघ जाड येते. याहून बरी पद्धत म्हणजे सुई काढलेल्या दोन पिचकाऱ्या वापरणे. मात्र एकीवर रेझीन व दुसरीवर कठिनीकारक असे ठळक लिहून त्यांची अदलाबदल कधीही होऊ देऊ नये. ०·१ ग्रॅ. पर्यंत अचूक तराजू असल्यासही ५ ग्रॅ. पेक्षा कमी मिश्रण तोलून करणे इष्ट नाही. थोडे जास्त मिश्रण करून उरलेले टाकून देणे हे मोडलेल्या पंखापेक्षा स्वस्त पडते.

मिश्रण काच, चकचकीत फरशी किंवा पॉलिएथिलिनाच्या तुकड्यावर करतात. मेण लावलेले कागदी पेले वर्ज्य समजावेत. ढवळताना खरवडले गेलेले मेण आसंजकात मिसळते व सांध्यात चिकटण्यास अडथळा करते. सपाट टोकाच्या काडीने किंवा पत्र्याच्या पट्टीने मिश्रण पसरवावे, पुन्हा गोळा करावे, त्यावर घडी घालावी व असे निदान एक मिनिटभर करावे. जलद आसंजकाच्या बाबतीत एवढा वेळ देणे जिवावर येते; परंतु अर्धवट मिसळलेल्या आसंजकाचा काही भाग कधीच कठीण होत नाही, याचे स्मरण ठेवावे. पेल्यात मिसळताना कडा व तळ खरवडून घेतात. त्यानंतरही तळाशी न मिसळलेले रेझीन राहण्याचा संभव असल्याने मोठ्या कामात पहिल्या पेल्यातील मिश्रण दुसऱ्या स्वच्छ पेल्यात ओतून पुन्हा ढवळतात. दोन्ही भाग भिन्न रंगांचे असल्यास रंगाच्या रेघा नाहीशा होणे ही पुरेशी खूण असते. रंगहीन आसंजकात प्रथम दिसणारा धुरकट गढूळपणा किंवा साखरेच्या पाकात पाणी सोडल्यावर दिसतात तशा लहरी नाहीशा होईपर्यंत ढवळावे. लुकणाच्या दोन कांड्या मळताना बोटे पाण्याने ओली ठेवल्यास ती चिकटत नाहीत. रंग सर्वत्र एकसारखा झाला म्हणजे मळणे पुरे.

काम संपल्यावर मिश्रणाचा उरलेला थेंब फेकून न देता तारीख लिहून बाजूस ठेवण्याची पद्धत अनुकरणीय आहे. दुसऱ्या दिवशी त्यात नख रुतले तर सांध्यातही तीच स्थिती आहे, असे समजावे. घड्याळापेक्षा या थेंबाची साक्ष अधिक भरवशाची असते.

पृष्ठभाग व सांधा : आसंजक पृष्ठभागाला चिकटते, त्याखालील पदार्थाला नव्हे, पृष्ठभागावर तेल, घाम, जुना रंग किंवा साच्यातून सुटण्यासाठी लावलेले मेण असल्यास ते त्यालाच चिकटते. लाकूड कोरडे व ताजे घासलेले असावे. धातू विद्रावकाने पुसून, खरकागदाने घासून, पुन्हा पुसून घेतात आणि नंतर त्यास बोट लावत नाहीत. ॲल्युमिनियमावर काही वेळातच ऑक्साइडाचा थर पुन्हा चढत असल्यामुळे आसंजकाचा पातळ लेप देऊन त्यातच खरकागद फिरविणे हा सोपा व गुणकारी उपाय आहे. पॉलिएथिलीन, पॉलिप्रोपिलीन व टेफ्लॉन यांना एपॉक्सी चिकटत नाही. याचा फायदा घेऊन नकाशावर पॉलिएथिलिनाचा कागद अंथरून त्यावर सांधे जुळवितात. खालचा नकाशा खराब होत नाही व सांधा सहज सुटून येतो.

दाब जास्त दिल्यास सांधा अधिक पक्का होतो, ही समजूतही बरोबर नाही. शिकंज्याने घट्ट आवळल्यास आसंजक बाहेर पिळून निघते आणि आत उपाशी सांधा राहतो. सु. ०·१ मिमी. जाडीचा अखंड थर राहील एवढाच दाब द्यावा व भाग हलू नयेत म्हणून टाचण्या किंवा चिकटपट्टी वापरावी. बाल्सासारखे सच्छिद्र लाकूड, विशेषतः त्याची आडवी कापलेली टोके, आसंजक शोषून घेतात. तेथे प्रथम एक पातळ हात देऊन तो मुरल्यावर दुसरा देतात.

योजना : चांगल्या प्रकारे केलेला धातूंचा एपॉक्सी सांधा दर चौ. मिमी. ला २० न्यूटनांच्या आसपास कर्तन (एकमेकांवर सरकविणारे) प्रतिबल सहन करतो. बाल्साचे लाकूड याच्या कितीतरी आधी मोडते. म्हणून बाल्साचे दोन तुकडे एपॉक्सीने जोडण्यात बळ वाढत नाही, वजन मात्र वाढते, १ घ. सेंमी. एपॉक्सीचे वजन ६ ते ७ घ. सेंमी. मध्यम बाल्साएवढे भरते. उडणाऱ्या प्रतिकृतीत बहुतेक सांधे साध्या गोंदाने करून एपॉक्सी मोजक्या जागी राखून ठेवणे, यातच कौशल्य आहे. या जागा म्हणजे एंजिन बसविण्याची प्लायवुडची भिंत, चाकांच्या तारेची बैठक आणि पंखांचे दोन अर्ध एकत्र येतात तो मध्यभाग. २ किग्रॅ. वजनाची प्रतिकृती सूर मारून वर काढताना गुरुत्वाच्या दहापट प्रवेग झाला, तर पंखांवर २० किग्रॅ. वजनाएवढा भार येतो व तो प्रामुख्याने मध्यसांध्यावर पडतो. तेथे प्लायवुडची जोडपट्टी बसवून वरून काचतंतूंच्या कापडाची पट्टी एपॉक्सीने बसवितात. मिनिटाला १२,००० फेरे करणारे एंजिन भिंतीला सेकंदाला २०० हादरे देते. शिवाय मिथेनॉल व एरंडेल यांचे इंधन लाकडात मुरते. या भागास आतून एपॉक्सीचा पातळ हात दिल्यास दोन्हींपासून संरक्षण होते. अशा लेपासाठी आसंजक स्पिरिटाने पातळ करतात. सांध्यासाठी मात्र तसे करू नये, कारण अडकलेला विद्रावक सांधा मऊ ठेवतो. पोलादी तार प्लायवुडला नुसती चिकटवून भागत नाही. ती दोऱ्याने शिवून मग दोऱ्यात आसंजक मुरवितात.

नौकांच्या प्रतिकृतींत पाण्याखालील सांधे, दंडाची नळी व सुकाणूची बैठक यांसाठी सावकाश एपॉक्सी योग्य ठरते. फळ्यांच्या सांगाड्यासाठी रेसॉर्सिनॉल-फॉर्माल्डिहाइड हे दुसरे द्विघटक आसंजक पाण्यात अत्यंत टिकाऊ असते, पण त्याची रेघ काळपट लाल दिसते व त्याला सांधा अगदी चपखल लागतो. पॉलिस्टायरिनाच्या साच्यातील भागांचे संच जोडण्यासाठी विद्रावक सिमेंटच श्रेष्ठ होय, कारण ते दोन्ही भाग विरघळवून एकजीव करते. एपॉक्सी तेथे नुसते पृष्ठभागास धरून राहते. तथापि पितळेचे कोरीव भाग व वैमानिकाच्या कक्षावरील पारदर्शक झाकण यांसाठी ते उपयोगी पडते. सायनोॲक्रिलेटाच्या वाफेने झाकणावर येणारा पांढुरका थर एपॉक्सीमुळे येत नाही. थर्मोकोलच्या गाभ्यावरही एपॉक्सी निर्धास्तपणे वापरता येते. पॉलिएस्टरातील स्टायरीन मात्र थर्मोकोल विरघळविते.

भरणद्रव्ये मिसळून आसंजकाचे गुणधर्म बदलता येतात. पोकळ काचेचे सूक्ष्म गोळे घातल्यास हलकी, सहज घासली जाणारी लुकण मिळते. कापसाचा भुगा घातल्यास कोपऱ्यात भरण्याजोगे चिवट मिश्रण होते. कलिली सिलिकेने ते उभ्या पृष्ठभागावरून ओघळत नाही. दोन्ही भाग पूर्ण मिसळल्यानंतरच भरणद्रव्य घालावे, आधी घातल्यास प्रमाण बिघडते.

हवामानाचे परिणाम : कोकण व मुंबईच्या पावसाळी हवेत एपॉक्सीच्या पृष्ठभागावर तेलकट, चिकट साय येते. कठिनीकारकातील अमाइन हवेतील पाण्याची वाफ व कार्बन डाय-ऑक्साइड यांच्याशी संयोग पावून ही साय बनते. तिच्यावर दिलेला दुसरा हात किंवा रंग पुढे सोलून निघतो. कोमट पाणी व जाड फडक्याने ती धुऊन, वाळवून मगच घासावे. न धुता घासल्यास ती पृष्ठभागात अधिकच रगडली जाते. थंडीत रेझीन कधीकधी साखरेच्या दाण्यांसारखे घट्ट व धुरकट होते. हे केवळ स्फटिकीभवन असून नळी ५० ते ६०° से. च्या पाण्यात धरल्यास रेझीन पूर्ववत होते. ते खराब झाले म्हणून टाकून देण्याचे कारण नाही.

साध्या तापमानास घट्ट झालेले बहुतेक एपॉक्सी सु. ४५ ते ६०° से. या टप्प्यात कठीण काचेसारख्या स्थितीतून चिवट रबरासारख्या स्थितीत जाते. उन्हात उभ्या केलेल्या बंद मोटारीत तापमान याहून वर जाते. तेथे ठेवलेल्या प्रतिकृतीचे पंख स्वतःच्या वजनाने वाकतात आणि थंड झाल्यावर वाकलेलेच राहतात. सांधा घट्ट झाल्यानंतर त्यास काही तास सौम्य ऊब दिल्यास ही मर्यादा थोडी वर सरकते.

दोषांची ओळख : मोडलेला सांधा न्याहाळल्यास त्याच्या मोडण्याचे कारण बहुधा कळते. फुटलेल्या दोन्ही बाजूंवर लाकडाचे तंतू राहिले असल्यास आसंजकाने आपले काम केले; दोष आराखड्यात किंवा लाकडात आहे. एक बाजू स्वच्छ व चकचकीत निघाल्यास पृष्ठभागाची तयारी अपुरी होती. दोन्ही बाजूंवर आसंजक असून ते नखाने दबत असेल, तर प्रमाण वा मिश्रण चुकले. दोन्ही बाजू जवळजवळ कोरड्या असल्यास दाब जास्त झाला किंवा लाकडाने आसंजक शोषले. चिकट राहिलेल्या सांध्यावर नवे आसंजक लावून तो सुधारत नाही. जुने संपूर्ण खरवडून, विद्रावकाने पुसून, पृष्ठभाग घासून पुन्हा आरंभ करावा लागतो.

दक्षता : घट्ट न झालेले एपॉक्सी रेझीन व त्याहूनही कठिनीकारक ही त्वचेला घातक आहेत. त्यांचा पहिला स्पर्श बहुधा काहीच त्रास देत नाही व त्यामुळेच निष्काळजीपणा वाढतो. वारंवार स्पर्शाने शरीर या पदार्थांबद्दल संवेदनशील बनते. मग अल्प संपर्कानेही खाज, पुरळ व सूज येते आणि ही अवस्था सहसा आयुष्यभर टिकते. अनेक वर्षे या छंदात रमलेल्या व्यक्तीला त्यामुळे हे आसंजक कायमचे सोडून द्यावे लागते. नायट्राइल रबराचे हातमोजे वापरावेत. हाताला लागलेले आसंजक स्पिरिट वा ॲसिटोनाने पुसू नये, कारण विद्रावक ते त्वचेत आत नेतो; साबण व पाणी यांनीच ते धुवावे. नुकत्याच घट्ट झालेल्या एपॉक्सीची धूळही त्रासदायक असल्याने घासताना नाकावर पट्टी बांधावी व शक्य तेथे खरकागद ओला करून वापरावा. पॉलिएस्टराच्या पेरॉक्साइडाचा थेंब डोळ्यात गेल्यास दृष्टी जाण्याचा धोका असतो. डोळा तत्काळ भरपूर पाण्याने धुऊन वैद्यकीय मदत घ्यावी. हे पेरॉक्साइड व कोबाल्टयुक्त वेगवर्धक एकमेकांत सरळ कधीही मिसळू नयेत, कारण त्यांचा स्फोट होऊ शकतो. दोन्ही नळ्यांची झाकणे निरनिराळ्या रंगांची असतात. ती बदलून लावल्यास झाकणातच आसंजक घट्ट होऊन नळी उघडत नाही.